मानेजवळचा चांदीचा डाग

मरोळ नाक्यावर भुयारी मेट्रोत बसून आरेच्या दिशेने निघालं की आधी एमआयडीसी येतं, मग सीप्झ. दिवसभरात कितीजणांच्या तोंडी हे नाव येतं, पण ते कशाचं आखूड रूप आहे असं विचारलं तर बहुतेक जण डोकं खाजवतील. सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन. १९७३ साली इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशी पाठवायच्या म्हणून हा भाग आखला गेला. जमीन अंधेरीची, नाव सांताक्रूझचं; मुंबईत हे चालायचंच. पुढे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आत दागिने घडवायला मुभा मिळाली आणि आता सीप्झ म्हटलं की लोकांना सर्किटं नाही, हिरे आठवतात. कुंपणाच्या आत पोर्तुगीज काळातलं, १५७९ सालचं एक पडकं चर्चही आहे. १८४० च्या सुमारास साथीला भिऊन तिथली वस्ती मरोळ गावात आली. या सगळ्या उलथापालथीत नावातला पहिला ‘ई’ तेवढा जागचा हललेला नाही. त्या ‘ई’चा मूळपुरुष इलेक्ट्रॉन.

माझी त्याच्याशी ओळख शाळेत झाली नाही. ती झाली मरोळ-मरोशी रस्त्यापासून आत, एका टीव्ही दुरुस्तीच्या गाळ्यात. गाळा म्हणजे खरं तर जिन्याखालची जागा. दुरुस्तीवाले काका टीव्हीची पाठ उघडून बसलेले आणि आम्ही पोरं दारात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं, पण आमच्या वस्तीत घरोघरी टीव्ही यायला ऐंशीचं दशक उजाडलं, तोही काळा-पांढरा. एकदा मी फुटक्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून चालू टीव्हीच्या काचेला लावलं. बातम्या देणाऱ्या बाईंचा गाल ओढला जाऊन कानापलीकडे गेला. चुंबक फिरवलं तसा चेहरा फिरला, काढलं तसा जागेवर आला. काका ओरडले, ‘‘हे ठीक आहे, रंगीतला लावू नकोस! डाग पडेल आणि मग कॉइल फिरवायला मलाच बोलावतील.’’

प्रकाश चुंबकाने वाकत नाही. बॅटरीच्या झोतापाशी कितीही मोठं चुंबक धरा, झोत सरळच जातो. मग टीव्हीत काचेवर येऊन आपटणारं जे काही होतं, ते प्रकाश नव्हतं. नेमक्या याच मुद्द्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातले पदार्थवैज्ञानिक वीस-पंचवीस वर्षं भांडत होते, हे मला फार उशिरा कळलं.

त्या भांडणाचं मूळ काचेच्या नळीत आहे. बंद नळीच्या दोन टोकांना धातूचे तुकडे बसवून त्यांना जोराचा विद्युतदाब दिला आणि आत साधी हवा असली, तर फार तर ठिणगी पडते. हवेत रेणूंची दाटी इतकी की एक रेणू दुसऱ्यावर आपटण्याआधी सरासरी मिलिमीटरच्या पंधरा हजाराव्या भागाएवढंच अंतर कापतो. संध्याकाळी सात वाजता अंधेरीच्या पुलावर धावून बघा, म्हणजे कल्पना येईल. पंपाने हवा उपसत गेलं की आतला वायू गुलाबी-जांभळा उजळतो. आणखी उपसली की उजेडात काळे पट्टे पडतात. आणखी उपसली, पार लाखावा-दहा लाखावा हिस्सा उरला, की वायूचा उजेड जवळजवळ विझतो आणि ऋण टोकासमोरची काच स्वतःच हिरवट चमकायला लागते. पूल रिकामा झालेला असतो. आता जो कोण निघालाय तो थेट पलीकडे पोचतो.

हे दिसायला चांगला पंप हवा आणि फट न राहणारी काच हवी. दोन्ही गोष्टी जर्मनीतल्या बॉनमधल्या हाइनरिश गाइस्लर या काचकामगाराने १८५५-५७ च्या सुमारास करून दाखवल्या. त्याच्या पंपात पाऱ्याच्या चढउताराने हवा काढली जाई. १८६५ मध्ये स्प्रेंगेलने पाऱ्याचे थेंब एकामागून एक सोडून, दोन थेंबांत हवेचा बुडबुडा पकडून खाली नेणारा पंप काढला. काम भयंकर संथ, पण पोकळी आधीपेक्षा कितीतरी बरी. प्लूकरला काचेवरचा हिरवा उजेड दिसला. हिटॉर्फने १८६९ मध्ये वाटेत वस्तू ठेवून तिची सावली पाडली. गोल्डश्टाइनने १८७६ मध्ये या प्रकाराला कॅथोड किरण असं नाव दिलं. कॅथोड म्हणजे ऋण टोक, म्हणून आपल्या जुन्या पुस्तकांत ‘ऋणाग्र किरण’ असा भारदस्त शब्द सापडतो. इंग्लंडात क्रुक्सने नळीत धातूचा चार पाकळ्यांचा क्रूस उभा करून त्याची सावली लोकांना दाखवली. शाळेच्या पुस्तकात ते चित्र अजून असतं.

किरण म्हणजे नक्की काय, यावर देशागणिक मतं होती. जर्मन मंडळी म्हणायची, ही ईथरमधली, म्हणजे सर्वत्र भरलेलं आहे असं तेव्हा मानत त्या माध्यमातली, लाट आहे. इंग्रज म्हणायचे, हे ऋण विद्युतभार वाहणारे कण आहेत, चुंबक त्यांना वाकवतो हाच पुरावा. जर्मनांकडे मात्र एक हुकमाचं पान होतं. भारित कण असतील तर दोन विद्युतभारित पट्ट्यांमधून जाताना ते एका बाजूला ओढले गेले पाहिजेत. १८८३ मध्ये हाइनरिश हर्ट्झने तसा प्रयोग केला आणि किरण जराही हलले नाहीत. हर्ट्झ म्हणजे पुढे रेडिओलहरी शोधणारा, हाताने अत्यंत सफाईदार माणूस. त्याच्या निकालावर संशय घ्यायची कुणाची छाती होणार?

चूक हर्ट्झच्या हातात नव्हती, नळीत होती. नळीत जरा जास्त हवा उरलेली होती. किरण त्या उरल्यासुरल्या हवेतून जाताना तिचे तुकडे पाडून तिला वीजवाहक करत. मोकळे झालेले धन आणि ऋण भार पट्ट्यांकडे धावून त्यांचा प्रभाव झाकून टाकत. मधल्या किरणांपर्यंत ओढ पोचतच नव्हती. चौदा वर्षं अडलेला प्रश्न होता तो हवेच्या चिमटीभर शिलकीचा.

१८९७ साल. मुंबईत प्लेगची पहिली साथ चालू होती. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या पथकांचा जुलूम सोसून लोक धुमसत होते. २२ जूनला चापेकरांनी त्याला गोळी घातली. त्याच वर्षी ३० एप्रिलला, शुक्रवारी संध्याकाळी, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये केंब्रिजचे प्राध्यापक जे. जे. थॉमसन बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की अणूहून कितीतरी हलके कण असतात. श्रोत्यांत बसलेल्या एका नामांकित शास्त्रज्ञाने पुढे त्यांना सांगितलं की तुम्ही आमची थट्टा करताय असंच मला तेव्हा वाटलं होतं.

थॉमसनच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत एबेनेझर एव्हरेट नावाचा काचकामगार सहायक होता. थॉमसन डोक्याने तल्लख, हाताने धांदरट. त्यांचा हात उपकरणाला लागू नये म्हणून लोक जपत, अशी आठवण सांगतात. नळ्या फुंकून, जोडून, उपसून देणारा एव्हरेटच. माझं पक्षपाती मत असं की इलेक्ट्रॉनच्या जन्मदाखल्यावर त्याचंही नाव हवं होतं. मरोळच्या गाळ्यांमधून फिरलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आराखडा साहेबाचा असतो, पण गळती कुठे आहे ते लेथवरच्या कारागिरालाच कळतं.

थॉमसनने नळीत ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या समोरासमोर बसवल्या : पाच सेंटिमीटर लांब, दोन रुंद, मध्ये दीड सेंटिमीटर फट. नळीच्या फुगीर टोकावर मोजपट्टी चिकटवलेली. हवा नीट उपसली आणि पट्ट्यांना विद्युतदाब दिला, तर हिरवा ठिपका सरकला. दोन व्होल्ट दिले तरी सरकला. दोन व्होल्ट म्हणजे भिंतीवरच्या घड्याळातल्या दोन सेलहूनही कमीच. हर्ट्झला जे दिसलं नव्हतं ते पंपाने दाखवलं.

पुढचा भाग हिशेबाचा. विद्युतक्षेत्राने ठिपका एकीकडे ओढायचा, चुंबकाने उलट बाजूला ओढून मूळ जागी आणायचा. दोन्ही ओढी बरोबरीत आल्या की त्यावरून वेग निघतो. तो प्रकाशाच्या वेगाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास आला. वेग कळला की किती वाकला यावरून वस्तुमान आणि विद्युतभार यांचं गुणोत्तर निघतं. ते हायड्रोजनच्या भारित अणूच्या तुलनेत हजारपटीच्या आसपास लहान निघालं. नळीत हवा असो, हायड्रोजन असो की कार्बन डायऑक्साइड, टोक ॲल्युमिनियमचं असो की प्लॅटिनमचं, आकडा साधारण तोच. मला यातलं हेच सर्वांत धक्कादायक वाटतं. दुकान बदललं, माल बदलला, तरी प्रत्येक पुडीतून तोच दाणा निघतोय. म्हणजे दाणा मालाचा नाही. सगळ्याच मालात तो आधीपासून आहे.

गुणोत्तर लहान असण्याची दोन कारणं असू शकतात : वस्तुमान फार कमी, नाहीतर विद्युतभार फार मोठा. थॉमसनचा कल पहिल्याकडे होता. त्याला टेकू मिळाला लेनार्डच्या प्रयोगाचा. त्याने ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पत्र्यातून किरण नळीबाहेरच्या हवेत आणले होते, आणि अणूएवढ्या वस्तूला जमणार नाही इतकं, सुमारे अर्धा सेंटिमीटर, अंतर ते जात होते. १८९९ मध्ये थॉमसनने विद्युतभार वेगळा मोजला, तो हायड्रोजनच्या भाराएवढाच निघाला, आणि शंका मिटली. आज आपण इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्रकाच्या १८३६ व्या हिश्श्याएवढा हलका आहे असं म्हणतो.

पण त्याच १८९७ मध्ये बर्लिनला वॉल्टर काउफमान हाच आकडा मोजत होता, आणि थॉमसनपेक्षा अचूक. त्याच्या विचारपरंपरेत, जे दिसत नाही अशा कणांबद्दल बोलणं बरं मानत नसत. आकडा छापला, कणाचं नाव काढलं नाही. त्याआधी जानेवारीत कोनिग्सबर्गला एमिल वीखर्टने अणूहून हलक्या कणाची गोष्ट भाषणात सांगितली, आणि मग तो भूकंपशास्त्राकडे वळला. तेव्हा ‘थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला’ हे परीक्षेपुरतं ठीक. आकडा तिघांच्याही हातात आला होता. या कणापासूनच सगळे अणू बनलेत असं ठासून सांगण्याचं धाडस एकाने केलं. ते वाक्य शब्दशः पाहिलं तर चूकही होतं, कारण अणूत केंद्रक आहे हे रदरफोर्डने १९११ मध्ये दाखवलं. थॉमसनना १९०६ चं नोबेल मिळालं. पुढे १९३७ चं त्यांच्या मुलाला मिळालं, इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो हे दाखवल्याबद्दल! जर्मन पक्षाचे म्हातारे हे ऐकून गालातल्या गालात हसले असते.

नावाचीही गंमत आहे. थॉमसन आपल्या कणाला ‘कॉर्पस्कल’ म्हणत राहिले. ‘इलेक्ट्रॉन’ हा शब्द आयर्लंडच्या स्टोनीने १८९१ मध्येच विद्युतभाराच्या एककासाठी वापरला होता, तो या कणाला येऊन चिकटला. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंबर : झाडाची अश्मीभूत राळ, जी लोकरीवर घासली की कस्पटं ओढते. मराठीत ‘विजाणू’ असा शब्द घडवला गेला. कानाला छान आहे, पण जो अणू नाही, अणूच्या आतला आहे, त्याला अणू म्हणून ठेवलंय. कदाचित म्हणूनच तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा रुळला नाही. टीव्हीवाल्या काकांना दोन्ही शब्द लागत नसत. त्यांचा शब्द होता ‘एमिशन’. ‘‘ट्यूबचं एमिशन गेलंय,’’ असं ते गिऱ्हाइकाला डॉक्टरच्या आवाजात सांगत.

ते काय सांगत होते ते आता कळतं. पिक्चर ट्यूबच्या निमुळत्या मानेत एक तार ६.३ व्होल्टवर तापून लाल होते. तिच्याभोवतीच्या टोपीवर बेरियमसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप असतो. तो तापला की इलेक्ट्रॉन बाहेर उडतात. थॉमसनची थंड नळी आणि ही गरम नळी यांच्यातला मोठा फरक एवढाच. पुढे पंधरा-वीस हजार व्होल्टची ओढ. पंधरा हजार व्होल्टला इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळजवळ पाव वेगाने काचेच्या आतल्या लेपावर आदळतो. केंब्रिजच्या प्रयोगापेक्षा आमच्या खोलीतला झोत दुपटीहून वेगवान होता, तोही ‘छायागीत’ बघताना. मानेभोवतीची तांब्याची गुंडाळी, काका तिला ‘योक’ म्हणत, झोताला डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवत राही. एका चित्राला ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे झोत सेकंदाला १५,६२५ वेळा डावीकडून उजवीकडे पळे, आणि तेवढ्याच कंपनांची बारीक शिट्टी टीव्हीतून येई. आम्हा पोरांना ती बाहेरच्या पॅसेजमध्येही ऐकू यायची. टीव्ही चालू आहे हे दार बंद असलं तरी कळायचं. आजोबांना कधीच ऐकू आली नाही.

वर्षं गेली की लेप झिजे, चित्र मळकट होई. मग काका ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यावर तारेचे दोन वेढे जास्त मारून हीटरला थोडा अधिक व्होल्टेज देत. याला ते ‘बूस्ट’ म्हणत. म्हातारी ट्यूब आणखी सहा महिने, नशीब असेल तर वर्षभर चाले. हात घालण्याआधी मात्र लांब स्क्रूड्रायव्हरला अर्थची तार बांधून ट्यूबच्या अंगावरच्या रबरी टोपीखाली टेकवत. चट्‌ असा आवाज होई. टीव्ही बंद केला तरी ट्यूब चार्ज धरून ठेवते, हे त्यांना एकदा चांगलंच कळलं होतं.

रंगीत टीव्ही १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या निमित्ताने आला. त्यात मानेत तीन झोत आणि पडद्यामागे भोकाभोकांचा पोलादी पत्रा. हा पत्रा चुंबकाने भारावला की झोत भलत्या रंगावर पडतो, म्हणून काकांची ती ओरड.

या गोष्टीचे मुंबईतले पुढचे दुवे शोधायला फार लांब जावं लागत नाही. होमी भाभा १९२७ साली केंब्रिजला गेले, तेव्हा थॉमसन तिथे ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख होते. इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जुळा पॉझिट्रॉन एकमेकांवरून कसे उसळतात याचं गणित भाभांनी १९३५ मध्ये मांडलं. त्याला जगभर त्यांच्या नावाने ओळखतात. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. तिथे देशात बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये पुरा चालू झाला. त्यात २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि उत्तर दाखवायला कॅथोड किरण नळीचा पडदाही. थॉमसनच्या नळीची पतवंडं कुलाब्यात आकडेमोड करत होती.

मरोळहून साकी विहार रस्त्याने वर गेलं की पवई. तिथे आयआयटीच्या आवारात समीर ही सरकारी संस्था आहे. टाटा संस्थेच्या सूक्ष्मलहरींच्या कामातून ती वेगळी निघाली, १९८४ साली. तिथे कर्करोगावरच्या उपचाराचं रेषीय त्वरक यंत्र देशात घडवलं गेलं. त्यातलं एक सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बसलं. यंत्र उघडून पाहिलं तर ओळखीचीच मंडळी दिसतात. तापणारा कॅथोड. हवा उपसलेली नळी. फरक ढकलण्याच्या पद्धतीत. एका दमात पंधरा हजार व्होल्ट देण्याऐवजी तांब्याच्या एकापुढे एक कोनाड्यांत सूक्ष्मलहरी खेळवतात आणि इलेक्ट्रॉन त्यांच्यावर स्वार होत साठ लाख व्होल्टच्या तोडीची ऊर्जा कमावतो, प्रकाशवेगाच्या ९९ टक्क्यांच्या पुढे जातो. मग टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतो आणि तिथून भेदक क्ष-किरण निघतात. कॅथोड किरण काचेवर आपटून क्ष-किरण निघतात हे राँटजेनच्या लक्षात आलं ८ नोव्हेंबर १८९५ ला, म्हणजे त्या वेळी इलेक्ट्रॉन कुणाला ठाऊकही नव्हता. घरच्या टीव्हीतही थोडे क्ष-किरण निघत, म्हणून तर ट्यूबच्या काचेत शिसं घालत; रंगीत ट्यूबच्या मागच्या नरसाळ्याच्या काचेत वजनाचा पाचवा हिस्सा वा अधिक शिशाचं ऑक्साइड असे.

त्या शिशामुळेच आता या ट्यूबा कुणालाच नको आहेत. चपटे टीव्ही आले, जिन्याखालचा गाळा मोबाइलच्या कव्हरांचं दुकान झाला. मागच्या उन्हाळ्यात साकीनाक्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे तीन पिक्चर ट्यूबा पालथ्या पडलेल्या दिसल्या. पोरगा विशीतला. त्याने आधी योक ओढून काढला, तांब्याच्या ढिगात टाकला. मग ट्यूबची मान हातात धरून मला जवळ बोलावलं, कारण मी बराच वेळ बघत उभा होतो.

‘‘फुटेल का?’’ मी विचारलं.

‘‘नाही हो काका. आधी हिची हवा काढायची.’’

काढायची नव्हे, सोडायची. पण मी दुरुस्ती केली नाही. मानेच्या टोकाला, पिनांच्या मधोमध, काचेची एक बारीक शेंडी असते. कारखान्यात हवा उपसून झाल्यावर तिथेच नळी वितळवून बंद करतात. मानेजवळ आतल्या बाजूला आरशासारखा चकचकीत डाग होता. तो बेरियमचा. ट्यूब बंद केल्यावर आत चुकून राहिलेला वायू शोषून घ्यायला तो मुद्दाम उडवून काचेवर बसवतात. पोकळी राखणारा पहारेकरी म्हणा. या ट्यूबवर जुन्या सरकारी नाण्यासारखी चमक होती, म्हणजे तीस-पस्तीस वर्षांनंतरही आत हवा नव्हती.

पोराने पक्कडीने शेंडी मोडली. सुऽऽ असा लांब आवाज आला, मोठ्या माणसाने श्वास आत ओढावा तसा, आणि बराच वेळ येत राहिला. डाग कडेने धुरकट झाला. मग मध्यापर्यंत. बघता बघता सगळा पांढराफटक, खडूची भुकटी फासावी तसा. पोराने ट्यूब उचलून काचेच्या ढिगावर ठेवली आणि दुसरी ओढली.